बिगुल, ट्रँगल आणि हळद

शाळेचा बँड पुन्हा सुरू करायचा असा ठराव महाराष्ट्रात कुठेही मांडा, तो एकमताने मंजूर होतो. नव्या वर्गखोल्या म्हटलं की कंत्राट कोणाला हा प्रश्न येतो, संगणक कक्ष म्हटलं की वीजबिल कोण भरणार हा प्रश्न येतो. बँड म्हटलं की प्रश्न येत नाहीत, डोळ्यांत पाणी येतं. हे पाणी साधारण चाळिशी उलटलेल्यांना येतं, आणि ज्यांनी शाळेत असताना बँडमध्ये काहीही वाजवलं नाही त्यांना जरा जास्तच येतं.

आमचा ठराव बाळकुममध्ये मंजूर झाला. बाळकुम म्हणजे ठाण्याचं ते टोक, जिथून जुना आग्रा रोड कशेळीच्या पुलावरून खाडी ओलांडतो आणि भिवंडीचा होतो. मूळ गाव आगरी-कोळ्यांचं. आता भोवती टॉवर आहेत, नाक्यावर मेट्रो पाचचे खांब आहेत, आणि टॉवरमधली मंडळी बाळकुममध्ये राहतात पण कोणी विचारलं तर 'ठाणे वेस्ट' सांगतात. शाळेचं नाव लिहीत नाही. पुढचं वाचून मुख्याध्यापिकाबाई ओळखतीलच.

माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर विषय निघाला तेव्हा पहिला निर्णय टी-शर्टचा झाला. रंग कोणता, कॉलर हवी की गोल गळा, पाठीवर बॅचचं वर्ष टाकायचं का (महिलावर्गाचा एकमुखी विरोध), यावर जेवढे मेसेज पडले तेवढे वाद्यांवर पडले नाहीत. दुसरा निर्णय पी.टी.च्या सरांच्या सत्काराचा. तिसरा फोटोग्राफरचा. मग न्यू जर्सीला गेलेल्या एकाने व्हेनेझुएलातल्या मुलांच्या ऑर्केस्ट्राचा व्हिडिओ टाकला. होजे आंतोनियो आब्रेऊ नावाच्या गृहस्थांनी १९७५ साली काराकास शहरात मूठभर पोरं जमवून 'एल सिस्तेमा' ही चळवळ सुरू केली, पुढे लाखो मुलांच्या हातात व्हायोलिनं आली, आणि त्यातूनच गुस्ताव्हो दुदामेलसारखा जगभर नाव झालेला कंडक्टर निघाला. व्हिडिओ सगळ्यांना आवडला. अंगठे आले, जोडलेले हात आले. गावातच राहिलेल्या आमच्या एका मित्राने मात्र विचारलं, "व्हायोलिनला ऊन चालतं काय? पाहुणे नऊला येतात, पोरं सातपासून ग्राउंडवर असतात." न्यू जर्सीहून उत्तर आलं नाही. तिकडे रात्र होती.

एका शनिवारी क्रीडासाहित्याच्या खोलीतलं कपाट उघडलं. बिगुलांवर हिरवा कळंक चढला होता. मोठ्या ड्रमचं एका बाजूचं पान फाटलं होतं आणि आत कुठल्या तरी सहामाहीच्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे होते. शिपाईमामांच्या मते उंदरांपासून तीच एक सुरक्षित जागा होती, पण उंदरांचं मत तसं दिसलं नाही. लाल तुऱ्याच्या टोप्यांमधले तुरे गेले होते आणि हनुवटीखालचं इलॅस्टिक तेवढं शाबूत होतं. ट्रँगल मात्र जसाच्या तसा. ट्रँगलला काही होत नाही. जगबुडी झाली तर झुरळं आणि शाळेचा ट्रँगल एवढंच उरेल.

आता हा बँड मुळात काय होता, हे ग्रुपवर भावनेच्या भरात कोणी सांगितलं नाही, म्हणून इथे सांगतो. मराठी शाळेत संगीताची दोन खाती असतात आणि त्यांचा एकमेकांशी पत्रव्यवहार नसतो. प्रार्थना, स्वागतगीत आणि शारदोत्सव हे गायनाच्या बाईंकडे. त्यांचं शस्त्र पेटी. बँड हा पी.टी.च्या सरांकडे, त्यांचं शस्त्र शिट्टी. बँडचा संबंध सुरांशी नसून संचलनाशी होता. तो पलटणीतून स्काउटात आणि स्काउटातून शाळेत आला, आणि येताना सूर वाटेत कुठे तरी सांडून आला. त्यामुळे वादकांची निवड ही कानावरून न होता उंचीवरून व्हायची. सर मैदानावर रांग लावायचे. जो आडव्या अंगाचा त्याच्या पोटावर मोठा ड्रम. सारख्या उंचीचे चार जण साईड ड्रमवर. फुप्फुसं बरी असलेले बिगुलावर. ही परीक्षा ग्राउंडला तीन फेऱ्या मारायला लावून घेतली जायची. सगळ्यात उंच आणि गोरा मुलगा पुढे काठी घेऊन. आणि संस्थेच्या कार्यकारिणीवरच्या कोणाचा तरी पुतण्या, ज्याला तालाचं आणि तालाला ज्याचं काही देणंघेणं नाही, तो ट्रँगलवर. ट्रँगल ही शालेय वाद्यवृंदातली राखीव जागा आहे.

बिगुलाची तर आणखी गंमत. बिगुलाला ट्रम्पेटसारखे चापे नसतात. नळीची लांबी ठरलेली, त्यामुळे ओठ कितीही आवळा-सैल करा, त्यातून निसर्गनियमाने येतील तेवढेच सूर येतात, आणि सरावाचे असे पाचच: सा, प, वरचा सा, त्याच्या वरचा ग आणि वरचा प. म्हणजे नीट पाहिलं तर स्वर तीनच. रे नाही, मध्यम नाही, धैवत नाही, निषाद नाही. एवढ्या भांडवलावर सैन्याला उठवता येतं, झोपवता येतं, जेवायला बोलावता येतं. राष्ट्रगीत वाजवता येत नाही, कारण ते दुसऱ्याच सुराला रे मागतं. हे भौतिकशास्त्र शाळेच्या अध्यक्षांना दरवर्षी नव्याने समजावून द्यावं लागायचं. "पोरांनी एवढं वाजवलं, राष्ट्रगीत का नाही घेतलं?" असं ते विचारायचे आणि सर म्हणायचे, "पुढच्या वर्षी बसवतो, साहेब." सर विज्ञानाचे नव्हते, पण अध्यक्षांना ओळखून होते.

तिकडे पेटीने याहून मोठे अपमान पचवलेले. ऑल इंडिया रेडिओने १९४० साली पेटीला बंदी घातली ती १९७१ पर्यंत. तिच्यावर मींड निघत नाही, तिचे बारा सूर पाश्चात्त्य मापाचे, असे आरोप. आरोप करणाऱ्यांत जॉन फाउल्ड्स हा इंग्रज संगीतकार होता; दिल्लीच्या रेडिओवर तो पाश्चात्त्य संगीत सांभाळायचा, पेटीविरुद्ध लिहायचा, आणि त्याच वेळी देशी वाद्यं वाजवणाऱ्या कलावंतांना एकत्र बसवून त्यांचा ऑर्केस्ट्रा करायच्या खटपटीत होता. बंदी यायच्या आधीच, १९३९ साली, तो वारला. देशभर रेडिओवर पेटी वाजत नव्हती त्या तीन दशकांत शाळांतून ती रोज सकाळी प्रार्थनेला वाजत होती, आणि कोणाचं श्रुतिज्ञान बिघडल्याची नोंद नाही. ठाण्याच्याच डॉ. विद्याधर ओकांनी पुढे बावीस श्रुती वाजवणारी पेटी तयार केली. थोर काम. पण आमच्या प्रार्थनेला त्याहून जास्त श्रुती एकट्या आठवी क मधून यायच्या.

बँडचं वर्षभराचं काम म्हणजे सव्वीस जानेवारी, एक मे आणि पंधरा ऑगस्ट. यातल्या एक मेला निम्मी मुलं गावाला, आणि पंधरा ऑगस्टला पाऊस. चामड्याच्या पानाला दमट हवा लागली की ते सैल पडतं आणि ड्रममधून 'धम' ऐवजी 'भद' असा आवाज येतो. म्हणून स्वातंत्र्यदिनाच्या पहाटे शाळेच्या मागे रद्दी पेटवून ड्रम शेकायचे. देश स्वतंत्र झाला त्या दिवसाशी माझ्या मनात आजही जळक्या कागदाचा वास जोडलेला आहे. हल्ली फायबरचं पान मिळतं, त्याला पावसाचं काही नाही. हे दुकानदाराने सांगितलं तेव्हा ग्रुपवरच्या काहींना वाईट वाटलं. "ती मजा गेली," असं एकाने लिहिलं. त्याने कधी ड्रम शेकले नव्हते. तो वर्गातून बघायचा.

वाद्यं कुठून आणायची याचा शोध घेताना कळलं की देशातली पितळी वाद्यं मोठ्या प्रमाणात मेरठच्या जली कोठी भागातून येतात. तिथली नादिर अली आणि कंपनी १८८५ सालची, आणि तिचा मूळ पुरुष इंग्रजांच्या पलटणीत बँडवाला. लष्कराला, लग्नाला आणि शाळेला एकाच गल्लीतून माल जातो, ही माहिती मला फार मोलाची वाटली. शाळेच्या समितीला मात्र ती आवडली नाही. लग्नाच्या बँडवाल्याचा आणि आपला बिगुल एका घरचा निघावा, हे संस्थेच्या ध्येयधोरणात बसत नव्हतं.

बँडच्या वादनक्रमात 'सारे जहाँ से अच्छा' हे एकच गाणं, तेही बासऱ्यांवर. ही आपण सगळे गातो ती चाल पंडित रविशंकरांची, १९४५ सालची. आणि रविशंकर ज्यांच्याकडे शिकले त्या बाबा अल्लाउद्दीन खाँसाहेबांनी मैहरच्या दरबारात असताना १९१८च्या साथीत पोरकी झालेली मुलं गोळा करून त्यांचा वाद्यवृंद उभा केला होता. पोरांना अक्षरओळख नाही, वाद्यं अपुरी. खाँसाहेबांनी संस्थानातल्या बंदुकांच्या नळ्या कापून त्यांचं नलतरंग बनवलं. मैहरचा तो वाद्यवृंद शंभर वर्षांनंतरही वाजतो आहे. भारतातली शाळेच्या ऑर्केस्ट्राला सगळ्यात जवळची गोष्ट हीच असावी, आणि तिथे टी-शर्ट नव्हते. ग्रुपवर हे लिहिलं तर एकाने विचारलं, "बंदुकीच्या नळ्यांना परवानगी लागेल का?"

गोव्याचं उदाहरणही मी देऊन पाहिलं. तिथे पोर्तुगीज काळात गावोगावच्या चर्चला जोडून शाळा निघाल्या आणि त्यात 'मेस्त' मुलांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवायचे. हेतू एवढाच की रविवारच्या मिस्साला कोणी तरी सुरात गावं. पण एकदा स्वरलिपी वाचता येऊ लागली की माणूस हाताबाहेर जातो. ही पोरं पलटणींच्या बँडात गेली, संस्थानिकांकडे गेली, मुंबईच्या हॉटेलांत जॅझ वाजवू लागली आणि शेवटी हिंदी सिनेमाचा सगळा वाद्यवृंद त्यांनी ताब्यात घेतला. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्यांतलेच. त्यांनी १९५८ साली मुंबईत 'इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा' काढला. प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले, आणि 'अमर अकबर अँथनी'तल्या त्या गाण्यात गुरूचं नाव अमर करून ठेवलं. अंड्यातून बाहेर येणारा अमिताभ सगळ्यांना माहीत असतो, स्वरलिपीचा मास्तर कोणाला माहीत नसतो.

या सगळ्या गोष्टींत एक धागा आहे आणि तो आमच्या समितीला काही केल्या दिसेना. गोव्यात दर रविवारी मिस्सा होता. मैहरात दरबार होता. पुण्यातही तेच घडलं. अप्पा पेंडशांनी १९६२ साली ज्ञान प्रबोधिनी सुरू केली आणि पुढे गावाकडची बरची आणि ढोल शाळेच्या मुलांच्या हाती दिले. मग रमणबाग शाळेचं पथक उभं राहिलं, आणखी शाळांची उभी राहिली, मुली ढोल बांधून उतरल्या, आणि आज पुण्याचं विसर्जन पथकांशिवाय होत नाही. त्या पोरांना कोणी 'संगीताची अभिरुची' म्हणून ढोल दिला असता तर तोही कपाटात गेला असता. त्यांना मिरवणूक होती. डोंबिवलीत १९९९ साली गुढीपाडव्याची स्वागतयात्रा सुरू झाली आणि बघता बघता ठाणे-कल्याणच्या पट्ट्यात जिकडेतिकडे पथकं निघाली, पुलाखाली सराव सुरू झाले, त्याविरुद्ध सोसायट्यांचे अर्जही सुरू झाले. बँड वाद्यांअभावी मरत नाही. कोणी वाट बघत नसलं की मरतो.

मधल्या काळात शासनानेच थोडी मदत केली. फेब्रुवारी २०२३ मध्ये 'जय जय महाराष्ट्र माझा' राज्यगीत झालं. शब्द राजा बढे यांचे, चाल श्रीनिवास खळे यांची, आवाज शाहीर साबळ्यांचा. राष्ट्रगीत बावन्न सेकंदांचं, राज्यगीत एक मिनिट एक्केचाळीस सेकंदांचं. म्हणजे शालेय बँडचा सक्तीचा अभ्यासक्रम एका फटक्यात जवळजवळ तिप्पट झाला. खळेकाकांच्या चाली गाताना भल्याभल्यांना घाम फुटतो. पाच सुरांच्या बिगुलाने काय करावं?

तेव्हा ट्रम्पेट शिकवणारा हवा होता. जाहिरात दिली, चौकशी केली. अंधेरीचे एक सर यायला तयार होते, पण घोडबंदर रोडचं नाव ऐकून त्यांनी फोन ठेवला. आणि हे चालू असताना रोज रात्री खिडकीतून ट्रम्पेट ऐकू येत होतं.

बाळकुमची हळद ज्यांनी पाहिलेली नाही त्यांना थोडक्यात सांगतो. लग्न दुसऱ्या दिवशी असतं, पण खरा कार्यक्रम हळदीचा. पूर्वी धवलारीण धवले गायची, मग बेंजो पार्ट्या आल्या. हा बेंजो मूळचा जपानी: १९१२ साली नागोया शहरात तारांच्या वाद्याला टाइपरायटरसारखी बटणं बसवून केलेलं 'तायशोगोतो'. ते कसं कसं फिरत कोळीवाड्यात आलं आणि असं रुजलं की नागोयाच्या माणसाला ओळखू येणार नाही. पुढे बेंजोशेजारी कॅसिओ आला (कंपनी कोणतीही असो, वाद्य कॅसिओच), ऑक्टोपॅड आला, आणि आता हळदीला ब्रास बँड लागतो. ट्रम्पेट, सॅक्सोफोन, साईड ड्रम, कच्छी ढोल, सगळे एका रंगाच्या शर्टात. हे लोक कागद बघत नाहीत. नवं गाणं सकाळी मोबाइलवर ऐकतात आणि रात्री मांडवात वाजवतात. नवरदेवाचा मामा मधेच जाऊन कानात काही तरी सांगतो आणि पुढच्या क्षणाला अख्खा बँड दुसऱ्या गाण्यात शिरतो, तोही सूर बदलून. जगातल्या कुठल्याही सिम्फनीला हे सांगून बघा.

अशाच एका ब्रास बँडच्या मास्तरांना गावातल्या मित्राने समितीपुढे आणलं. मास्तर आमच्याच शाळेचे निघाले. बँडमध्ये होता का, असं विचारल्यावर म्हणाले, "नाय. सरांनी उंचीत काढला." ट्रम्पेट कुठे शिकलात, तर म्हणाले, "हलदीन." सत्कारमूर्ती सर समोरच होते. ते चहात बघत बसले.

समितीने मास्तरांना संस्कार, शिस्त, राष्ट्रीय एकात्मता असं बरंच समजावलं. ते ऐकत होते. शेवटी त्यांनी विचारलं, "त वाजवाचा कवा?"

"सव्वीस जानेवारीला."

"अन् मंग?"

"एक मे. पंधरा ऑगस्ट."

"मंग मधी पोरांनी काय कराचा?"

याचं उत्तर पन्नास लोकांच्या ग्रुपवर कोणाकडे नव्हतं. न्यू जर्सीला दिवस होता, तरी नव्हतं.

सराव शाळा सुटल्यावर सुरू झाला. मास्तरांनी उंची बघितली नाही. प्रत्येकाला बाकावर ठेका धरायला लावला आणि ज्याचा हात चुकला नाही त्याला ड्रम दिला. त्यामुळे मोठा ड्रम सातवीतल्या एका चिमुरडीकडे गेला, ती ड्रममागे दिसत नाही, फक्त ऐकू येते. ट्रँगल मास्तरांनी स्वतःजवळ ठेवला. म्हणाले, सगळ्यात कठीण तोच आहे, चुकला तर लपत नाही. कार्यकारिणीचा या वर्षीचा पुतण्या झांजेवर गेला आणि चांगला वाजवतो, हे मान्य केलं पाहिजे.

राज्यगीत बसायला वेळ लागला. पण मधल्या सुट्टीत पोरं आपापसात वाजवायची ती कोळीगीतं आठवड्यात बसली. गायनाच्या बाई पहिल्यांदा पी.टी.च्या ग्राउंडवर आल्या, त्या "खालचा धैवत लागत नाहीये" हे सांगायला, आणि मास्तर म्हणाले, "बाई, तुमी लावून दावा." दोन खात्यांमध्ये पत्रव्यवहार सुरू झाला. समोरच्या टॉवरमधून आवाजाबद्दल तक्रार आली. अर्जावर सही करणाऱ्यांत ठरावाच्या वेळी डोळे पुसणारे तिघे होते.

आणि मग, दिवाळीनंतर, लग्नसराईच्या तोंडावर शाळेच्या बँडला सुपारी आली.

गावातल्याच घरची हळद, शाळेच्या माजी विद्यार्थ्याची. पोरांचा सराव ऐकून त्याच्या आजीने हट्ट धरला होता. मुख्याध्यापिकाबाई आधी संतापल्या. शाळेची मुलं सुपारी घेतात, हा शब्दच त्यांना सहन होईना. समितीची तातडीची बैठक झाली. एक गट म्हणाला, हा शाळेच्या परंपरेचा अपमान आहे. मित्राने विचारलं, परंपरा म्हणजे कुठली, उत्तरपत्रिकांची? दुसऱ्या गटाने सुचवलं की मुलांनी फक्त राज्यगीत वाजवून परत यावं. त्यावर मुलाकडच्यांनी कळवलं की त्यांची हरकत नाही, फक्त ते 'थोडा नाचता येईल असा' घ्या. शेवटी संध्याकाळी सहा ते साडेसात, पालकांसह, जेवून परत, या अटींवर परवानगी मिळाली. मुलं वाजवून आली. आजी नाचल्या. राज्यगीतालाही नाचल्या.

दुसऱ्या दिवशी मुलाच्या घरून पाकीट आलं. पैसे परत करावेत का यावर चर्चा झाली आणि परत करू नयेत यावर झाली नाही. नवी दोन ट्रम्पेटं त्यात बसत होती. कार्यालयातले भाऊसाहेब पावतीपुस्तक उघडून बसले आणि अडले. देणगी म्हणावी तर काम करून घेतलंय, शुल्क म्हणावं तर शासनाची मान्यता नाही, आणि 'हळद' नावाचं खातं शाळेच्या जमाखर्चात नाही.

"बाई, पावती कशात फाडू?"

बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"परिसर अभ्यास," त्या म्हणाल्या. "क्षेत्रभेट."